निरोप पोचवणारी मुलगी

कुटुंब-समुपदेशकांच्या परिषदेला तो दर वर्षी जायचा, पण यंदा ती नेमकी थोरल्या भावाच्या शहरात भरली होती. नोंदणीच्या टेबलामागच्या बाईंनी बिल्ल्यावरचं नाव वाचलं आणि त्या उठूनच उभ्या राहिल्या. 'निरोप्या मूल' लिहिणारे ते तुम्हीच ना, असं त्यांनी विचारलं. त्यानं मान हलवली. सात वर्षांपूर्वीच्या त्या एका लेखानं त्याचं नाव झालं होतं, आणि त्याच लेखापायी भावानं त्याचा फोन उचलणं सोडलं होतं.

लेखातली मुलगी पंधरा वर्षांची. आईबापांनी आपसात अबोला धरलेला. जे काही सांगायचं ते हिच्यामार्फत. सांग तुझ्या बापाला, सांग तुझ्या आईला. मुलगी इमानानं निरोप न्यायची, पण वाटेत बदलून. आई म्हणायची, राहू दे उपाशी; ही जाऊन सांगायची, आई म्हणते गरम आहे तोवर जेवून घ्या. बाप म्हणायचा, तिला म्हणावं तोंड दाखवू नको. ही सांगायची, बाबा म्हणतात आज जरा आराम कर. शेवटी समुपदेशक तिची या कामातून सुटका करतो, आईबाप समोरासमोर बसतात आणि घर सावरतं.

ती मुलगी म्हणजे त्याची पुतणी, बिट्टी. एका सुट्टीत गच्चीवर कपडे वाळत घालताना तिनं काकाला हे सांगितलं होतं, कुणाला बोलू नकोस या बोलीवर. त्यानं नावगाव बदललं आणि लिहिलं. शेवट मात्र पदरचा होता. त्या घरावर त्यानं कधी उपचार केलेच नव्हते. गोष्ट अर्धवट वाटत होती, म्हणून जोडला. लेख फिरत फिरत वहिनीच्या हाती पडला. तिनं तो वाचला आणि नवऱ्याच्या टेबलावर उघडा ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाची सुट्टी झाली तसा तो सभागृहातून सटकला आणि बस धरून भावाच्या घरी गेला. दार बिट्टीनं उघडलं. आता ती बावीस वर्षांची होती, रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. "या," ती म्हणाली. लहानपणी ती त्याला अरेतुरे करायची. त्या एका 'या'नं त्याचा पाय उंबऱ्यातच अडखळला.

दादा बाहेरच्या खोलीत होता. पलंग, टेबल, पाण्याचा जग, औषधं, सगळा संसार त्या खोलीतच आणलेला. वहिनी आतल्या खोलीत. मधलं दार सताड उघडं होतं, पण ओलांडायचं दोघांपैकी कुणीच नाही. बिट्टीनं चहा करून दोन्हीकडे नेला, बोलली काहीच नाही. लेख आल्यापासून तिनं निरोप नेणं बंद केलं होतं.

त्यानं दादाची माफी मागितली. वाटेत बसमध्ये घोकलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. दादानं शांतपणे ऐकून घेतलं.

"निरोपांबद्दल तू खोटं काही लिहिलं नाहीस," दादा म्हणाला. "सहा वर्षं मला वाटत होतं, ही बोलत नाही, पण हिला माझी काळजी आहे. त्या आशेवर दिवस निघत होते. ती पोर बोलत होती, हे मला कुठं माहीत?"

मग तो दादापासून उठून आत वहिनीकडे गेला. दोघांनी एकदा समोरासमोर बसावं, मी मधे बसतो, असं त्यानं सुचवलं. वहिनी शिवणातून मान वर न करता ऐकत राहिली. गेल्या वर्षी दादा न्हाणीघरात पडला होता, हे तिनंच सांगितलं. बिट्टी कामावरून येईपर्यंत दोन तास तो तसाच पडून होता. ती याच खोलीत होती आणि हाक तिला ऐकू आली होती.

"हाक बिट्टीला होती, भावोजी," ती म्हणाली. "मला नव्हती."

पंचवीस वर्षं हाच धंदा करणारा तो उठला आणि पायांत चपला घालायला लागला.

बिट्टी त्याला थांब्यापर्यंत सोडायला आली. घर सोडून का जात नाहीस, असं त्यानं विचारलं. मी गेले तर दोघांपैकी कोण कुणासाठी डॉक्टरला बोलावेल, असं तिनं उलट विचारलं. बस लांबून दिसायला लागली तेव्हा ती म्हणाली, "काका, तुमच्या लेखातल्या मुलीचं चांगलं झालं. ते कुणाला विचारून लिहिलंत?"

तो बसमध्ये चढला.

रात्रभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी समारोपाच्या सत्रात त्यानं आयोजकांकडे पाच मिनिटं मागून घेतली आणि तीनशे माणसांसमोर सगळं सांगितलं: शेवट बनावट आहे, ती माझी सख्खी पुतणी, ते घर सावरलेलं नाही, माझ्यामुळे जे काही धड होतं तेही गेलं. न्हाणीघरातले दोन तासही सांगितले. तो थांबताच टाळ्या सुरू झाल्या. पुढच्या रांगेतले लोक उभे राहिले. अध्यक्षांनी त्याच्या प्रांजळपणाचं कौतुक केलं. तो लेख ज्यात छापला होता त्या मासिकाच्या संपादकबाईंनी तिथल्या तिथे सांगितलं, की हे भाषण पुढच्या अंकात घेऊ.

खाली उतरल्यावर एक तरुण समुपदेशिका त्याच्याजवळ आली. तिनं टाळ्या वाजवल्या नव्हत्या. लेखातली गोष्ट ती अकरा घरांत सांगत आली होती, शेवटासकट. आता त्या आईबापांना काय सांगू, असं तिनं विचारलं. तो माफ करा म्हणाला. त्यावर ती निघून गेली.

जिन्यात येऊन त्यानं बिट्टीला फोन लावला. मनावरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं, आणि हे तिला कळायला हवं असंही. सगळ्यांसमोर खरं काय ते सांगितलं, काहीएक हातचं राखलं नाही, असं तो घाईघाईनं बोलत गेला. पलीकडे प्रयोगशाळेतल्या यंत्राची घरघर ऐकू येत होती.

"बाबांच्या पडण्याचंही?" तिनं विचारलं.

"हो."

"म्हणजे पुन्हा सांगितलंत."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर त्याला काही बोलता आलं असतं. हातात काम आहे, ठेवते, असं म्हणून तिनं फोन ठेवला.

संपादकबाई जिन्याच्या तोंडाशी त्याचा पत्ता लिहून घ्यायला उभ्या होत्या. भाषण छापू नका, असं त्यानं त्यांना सांगितलं. त्या समजुतीनं हसल्या. आता छापलं काय अन् न छापलं काय, भाषणाचं ध्वनिमुद्रण तर सगळ्या समुपदेशकांच्या फोनवर केव्हाच गेलं, असं त्या म्हणाल्या.