शुभवर्तमानातलं रेशनकार्ड

कंग्राळीच्या गुंडूमास्तरांनी आयुष्यात एकच पुस्तक पहिल्या ओळीवर सोडलं. ते शुभवर्तमान, येशूच्या चरित्राचं पुस्तक, त्यांना ख्रिस्ती शांतवनकाकांनी दिलेलं. दोघे एकाच शाळेत शिकवायचे. येशू हा दाविदाचा पुत्र, अब्राहामाचा पुत्र, एवढं वाचून मास्तर खालची नावांची रांग बघायचे आणि पुस्तक मिटायचे.

"शांतवन, आनंदाची बातमी म्हणतोस आणि उघडल्या उघडल्या रेशनकार्ड वाचतोस व्हय रं?"

काका हसून विषय बदलायचे.

मास्तर जाऊन चार महिने झाले. पुस्तकातली बसच्या तिकिटाची खूण पहिल्या पानावरच होती. त्यांच्या एकुलत्या एका लेकीनं, मंगलनं, ती हलवली नव्हती.

शनिवारी सकाळी काका चहाला आलेले, तेवढ्यात दारात भरमा हेळवी उभा. घरोघरच्या वंशावळी सांगत फिरणारा. बापाकडे बैल होता, ह्याच्याकडे मोटारसायकल. चोपडी मात्र तीच. मुलगा नसलेल्या माणसाच्या नावाखाली हेळवी रेघ ओढतो, वंश तिथंच संपला म्हणून, हे मंगलला ठाऊक होतं.

भरमानं उंबऱ्याबाहेरूनच सूर लावला, "जोतिबाचं कूळ, गावाची हीर खणलेल्या आण्णाप्पाचं घर..."

"घरात राहतात त्यांचं नाव आधी का नाही रे?" मंगलनं विचारलं.

"आक्का, गुंडू गावात धा हाईत! कुणाचा ते आधी. एक मूळपुरुष, एक नावाजलेला. दोन नावांत दार उघडतंय. बाकीची यादी चहा पीत."

काकांचा कप हवेतच राहिला. "मंगल, अगं हीच ती ओळ! अब्राहाम मूळपुरुष, दावीद नावाजलेला राजा. लिहिणारा आपल्या लोकांच्या दारात उभा आहे. सांगतोय, हा येशू परका नाही, तुमच्याच घरचा आहे. चाळीस वर्षं चर्चमध्ये वाचतोय मी, आणि सांगायला हेळवी लागला!"

भरमाला काही कळलं नाही. "मास्तर कुठं हाईत?"

मंगलनं सांगितलं. त्यानं मान खाली घातली आणि चोपडीत मास्तरांचं पान उघडलं. मग पेन काढलं. "पोरगा न्हाय न्हवं? मग रेघ..."

मंगलनं पानावर हात ठेवला. "मी आहे की."

"लेकी लिवत न्हाईत आक्का. रीत हाय."

काकांनी पुस्तक आणून पुढ्यात धरलं. "ह्या यादीत बायका आहेत, भरमा. ही रूथ बघ. परमुलखातून आलेली, राजाची पणजी."

"राजाच्या घरात लिवलं?"

"लिहिलं."

भरमानं मान खाजवली. "मग मास्तराच्या घरात लिवायला काय झालं? काढा हात, आक्का."

त्यानं लिहिलं, आणि पुन्हा जोतिबापासून सूर धरला. "...गुंडूमास्तर, त्येंची लेक मंगल!"

"काका," मंगल डोळे पुसत हसली, "आप्पांच्या रेशनकार्डात माझं नाव चढलं बघा."

आणि भरमाला जोंधळे घालायला ती सूप आणायला उठली.