दोन मिस्ड कॉल

"मॅडम, घारीकडे जरा लक्ष द्या," स्टोअरमधल्या काकू मला म्हणाल्या होत्या. "डबा आणते, उघडत नाही. तसाच घरी नेते."

"बघते हं," म्हणाले आणि विसरले. त्या दिवशी पाळणाघरातून फोन होता, लेकीच्या अंगात कणकण आहे म्हणून. ती झोपली की नाकापुढे बोट धरून श्वास तपासणारी मी. नवरा म्हणतो, "अगं, तुझ्या बोटानेच जागी होईल ती." एवढी बारीक नजर सगळी घरातच खर्ची पडत होती.

आमच्या कारखान्यात औषधाच्या बाटल्या भरतात. मी कर्मचारी कल्याणचं बघते. घार लेबलं तपासते. दहा हातांवरून तिरकं लेबल टिपायची, म्हणून ते नाव. चार महिन्यांपूर्वी तिचा पाठचा भाऊ अपघातात गेला. आठ दिवसांत ती कामावर हजर. खंबीर आहे हो, असं सगळे म्हणाले. मीही.

मग एक दिवस उलट्या लेबलांची अख्खी पेटी तिच्या हातून पुढे गेली आणि सुपरवायझरने तिला माझ्याकडे धाडलं.

"झोप लागते का?"

"लागते की. उठावंसं वाटत नाही."

जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हे सरळ विचारायचं असं आम्हाला शिकवलंय. विचारलं. "नाही," म्हणाली, पण जरा थांबून.

कंपनीने बाहेरची एक समुपदेशन संस्था नेमली आहे. सहा भेटी मोफत, काय बोललात ते कंपनीला कळत नाही. ती हो म्हणाली, मी अर्ज पाठवला आणि सुटले.

दहा दिवसांनी मेल आला: दोनदा फोन केला, प्रतिसाद नाही. कर्मचारी इच्छुक नाही. फाइल बंद.

मला ते खरं वाटलं. वाटलं, सावरली असेल.

त्याच आठवड्यात ती हात धुताना भेटली. "मॅडम, त्यांचा फोन येणार होता ना? नाही आला. म्हटलं, माझ्याहून गरजू लोक असतील."

त्यांचे फोन अकराला आणि सव्वादोनला येऊन गेले होते. तिची पाळी सात ते साडेतीन. यंत्राजवळ मोबाइल चालत नाही, सगळ्यांचे गेटवरच्या कपाटात. घरी जाताना तिने अनोळखी नंबर पाहून सोडून दिले होते. कपाटाचं परिपत्रक मीच टाइप केलेलं.

संस्थेला फोन लावला. "अहो, ती कामावर होती!"

"मॅडम, आम्हीही त्याच वेळात कामावर असतो," पलीकडचा म्हणाला. खोटं नव्हतं ते.

त्यांनी फाइल पुन्हा उघडली आणि पहिली रिकामी वेळ दिली. व्हिडिओवर. त्या भेटीच्या दुसऱ्या दिवशी घार माझ्यासमोर उभी.

"घरी दोन खोल्या, सहा माणसं. आईदेखत भावाबद्दल काय बोलू? जिन्यात बसले. शेजारीण दोनदा विचारून गेली, 'रेंज नाही का गं?' व्हिडिओवरचा मुलगा चांगला होता हो, पण कामाचा ताण कसा घालवायचा ते सांगत बसला. काम आहे म्हणून तर माझा दिवस जातो! राहू द्या मॅडम. मला नाही जमायचं."

आत्ता सोडली तर ही पुन्हा कुणाच्या हाती लागणार नाही, हे मला दिसलं.

"चप्पल चावली म्हणून कुणी चालणं सोडतं का? दुसरी घालून बघू. तुला कसं माणूस हवं ते सांग."

"बाई हवी. समोरासमोर. आणि मेलेल्या माणसाचं नाव काढलं की विषय बदलणारी नको."

मीटिंगच्या खोलीचं दार लावून आम्ही संस्थेच्या समुपदेशकांची यादी पुढ्यात घेतली. पहिल्या बाई फक्त सकाळी भेटत. दुसऱ्या लहान मुलांच्या. तिसऱ्यांकडे महिनाभर जागा नव्हती. "देवाच्या दारीही एवढी रांग नसेल," घार पुटपुटली. चौथ्या बाईंचा दवाखाना बसथांब्यामागे, गुरुवारी चारला वेळ रिकामी. घारीने फोन स्वतःच घेतला.

"मी रडले नाही तर चालेल ना?"

"चालेल. नुसत्या बसलात तरी चालेल."

तिने फोनवर हात ठेवला. "हिच्याकडे जाते."

तीन गुरुवार झाले. आत काय बोलते ते मी विचारत नाही. सुपरवायझरला कारण सांगितलं नाही, फक्त वेळेवर सोडा म्हटलं. अर्जात दोन रकाने वाढवले: फोन कधी करावा, आणि बोलायला जागा आहे का. ती बरी झाली का? माहीत नाही. काल मात्र हातमोज्यांच्या मापावरून सुपरवायझरशी कडाकडा भांडली. चार महिन्यांत पहिल्यांदाच तिचा आवाज चढला.

तुमच्याही ओळखीत कुणी "खंबीर" असेल. हे वाचून झालं की त्यांना फोन करा. "बरी आहेस ना?" नको, त्याला "हो" म्हणणं फार सोपं असतं. आज काय खाल्लं, ते विचारा. नाही उचलला, तर कधी मोकळे असतात ते शोधून काढा आणि तेव्हा लावा.