खड्डा नसलेली रेघ

"ही रेघ वर चढतेय ना, ती आमच्या फिल्ममधून निघालेल्या किरणांची!" नणंद ऐटीत म्हणाली, आणि पडद्यासमोर बसलेल्या पाहुण्यांनी माना डोलावल्या.

मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या वहिनीचा जीव नुसता टांगणीला लागला होता. अनुदान देणारे हे पाहुणे खूश झाले तर प्रयोगशाळेतलं तिचं काम पुढे चालणार, नाहीतर आजच त्याला कुलूप. प्लास्टिकची ती पातळ फिल्म तिची, तिच्यावर झोत टाकणारा लेझर नणंदेचा. नणंद-भावजय एका घरात नांदतात आणि वर एकाच खोलीत कामही करतात, म्हणून लोकांना केवढं नवल! "अहो, विळ्याभोपळ्याचं सख्य असतं हो या नात्यात," असं कुणी म्हटलं की दोघी एकमेकींकडे बघून हसायच्या. धाकट्या नणंदेला या खोलीत आणलं वहिनीनंच. लेझरला हात कसा लावायचा तेही तिनंच शिकवलं.

रेघ चढत गेली, आणि मधेच एका ठिकाणी खोल खड्ड्यात पडून पुन्हा वर आली.

वहिनीच्या पायाखालची जमीनच सरकली. लेझरच्या झोतातून टेराहर्ट्झ नावाचे, डोळ्यांना न दिसणारे किरण काढायला बाजारात स्फटिक मिळतो, नाही असं नाही. पण त्यातले काही किरण तो मेला स्वतःच गिळून बसतो, आणि रेघेला असा खड्डा पडतो. तिच्या प्लास्टिकच्या फिल्मला खड्डा नसतो. अहो, एवढ्यासाठी तर सगळा खटाटोप! उमेदीची सगळी वर्षं तिनं त्या खड्ड्यापायी घातली होती.

म्हणजे आत फिल्म नव्हतीच. आत स्फटिक होता.

"हा खड्डा कसला?" पाहुण्यांमधल्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी विचारलं.

"हवेतला दमटपणा, मॅडम. तो थोडे किरण शोषतो." नणंदेनं मागे वळून पाहिलं. "हो ना गं वहिनी?"

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. शेजारी उभे असलेले विभागप्रमुख तोंडावर हात धरून पुटपुटले, "हो म्हणा हो, बाई. हो म्हणून मोकळ्या व्हा."

हो म्हटलं की काम वाचत होतं. नणंदेची लाजही झाकली जात होती. पण मग वाचणार ते काम कुणाचं? त्या स्फटिकाचं?

"नाही," वहिनी म्हणाली. "हा खड्डा स्फटिकाचा आहे. माझी फिल्म यात नाही."

विभागप्रमुखांनी कपाळाला हात लावला. वहिनी पुढे गेली आणि नणंदेसमोर तळहात पसरून उभी राहिली.

"कुठाय फिल्म?"

"वहिनी, सगळ्यांसमोर नको गं..."

"कुठाय?"

नणंदेनं कोटाच्या खिशातून डबी काढून तिच्या तळहातावर ठेवली. आवाज अगदी खाली गेला होता तिचा. "मेलीय ती. काल तू घरी गेलीस ना, तेव्हा मला घाई होती गं. गरम असतानाच मी व्होल्टेज बंद केलं."

आता हे कसं सांगावं? फिल्म तापून मऊ झाली की तिच्यावर व्होल्टेज लावायचं, म्हणजे आतले सैरावैरा रेणू एका दिशेला तोंड करून उभे राहतात, आणि तसे उभे राहिले तरच किरण निघतात. मग ती पार गार होईपर्यंत व्होल्टेज सोडायचं नाही. आधी सोडलं की मास्तर बाहेर गेलेल्या वर्गाचं होतं तेच. आजवर वहिनी गरम फिल्म सोडून कधी उठली नव्हती. काल पहिल्यांदाच उठली. "जा गं, दमलीयेस. मी आहे ना!" असं नणंद म्हणाली होती म्हणून.

"सकाळी सांगितलं असतंस तर?"

"तू रागावली असतीस."

"रागावले असते. मग दोघींनी मिळून पाहुण्यांना सांगितलं असतं." वहिनी म्हणाली. "परक्यानं फसवलं असतं तर मी भांडले असते गं. तू केसानं गळा कापलास."

नणंद मान खाली घालून रडायला लागली. इतर वेळी वहिनीनं तिला जवळ घेतलं असतं.

"बाई," पांढऱ्या केसांच्या बाई हळूच म्हणाल्या, "आता राहू दे. आम्ही समजलो."

"नाही, बघून जा. एवढ्या लांबून आलात."

तिनं चिमट्यानं स्फटिक काढून टेबलावर ठेवला. डबीतली फिल्म उचलून त्या जागी बसवली. झोत पुन्हा सोडला.

पडद्यावरची रेघ तळाशी सपाट पडून राहिली. कुणीतरी खाकरलं. मागे दार उघडल्याचा आणि नणंदेच्या चपलांचा आवाज आला. वहिनीनं वळून पाहिलं नाही.

"काहीच येत नाही का यातून?" बाईंनी विचारलं.

"नाही येत," वहिनी म्हणाली. "पण ही रेघ माझी आहे."