वाइंडिंगच्या दुकानातले दुसरे स्टूल

मी एक जुने स्टूल आहे. जुने म्हणजे मोडके नव्हे, एवढे आधीच सांगून ठेवते. मित्रांनो, एका सुताराने दाराच्या चौकटीतून उरलेल्या लाकडाचे मला बनवले. माझा एक पाय बाकीच्या तिन्हींपेक्षा किंचित आखूड राहिला. सुताराने मला जमिनीवर ठेवून पाहिले, मी डुगडुगले, तो म्हणाला, "चालतंय की!" आणि त्याने मला आपल्या चुलतभावाला देऊन टाकले.

हा चुलतभाऊ म्हणजे माझे मालक. त्यांचे मोटर वाइंडिंगचे दुकान होते. पंखा जळला, पंपाची मोटर बसली की लोक त्यांच्याकडे आणत. ते जळलेली तांब्याची तार उपसून काढत आणि नवी भरत. प्रत्येक मोटरीला तारेचे किती वेढे, ते ठरलेले असते. मोजणी चुकली की सगळे उलगडून पुन्हा सुरुवात. म्हणून मालक वेढे मोजताना कोणाशी बोलत नसत, मान वर करत नसत. दाराशी पाऊल वाजले की हातातला आकडा मोठ्याने म्हणायचे. "एकशे बारा! एकशे तेरा!" त्याचा अर्थ एवढाच, की बसा, मोजतोय. आणि बसायचे ते माझ्यावर.

दुकानात दोनच स्टुले. एक मालकांचे आणि दुसरे मी. मालकीणबाई गेल्यावर मालक सकाळी घरून लवकर निघू लागले आणि संध्याकाळी उशिरापर्यंत दुकानातच रेंगाळू लागले. गिऱ्हाईक माझ्यावर बसे, मोटर घेई आणि जाई. कोणी टेकले तरी दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही.

मग एक दिवस टेबलफॅन घेऊन कंपाउंडर आले. त्यांचे दवाखान्याचे डॉक्टर म्हातारे झाले, दवाखाना बंद पडला आणि चाळीस वर्षे औषधाच्या पुड्या बांधणारा हा माणूस घरी बसला होता. फॅन उघडून ठेवून मालक मोबाइलवर शेअरचे भाव बघत होते. कंपाउंडरांनी वाकून पाहिले.

"तुम्हीपण?"

"दोन महिने झाले. अजून काही कळत नाही म्हणा."

"मलाही नाही. मग लावायची का पैज?"

पैजेचे नियम त्यांनी तिथल्या तिथे ठरवले. सकाळी बाजार उघडला की दोघांनी आपापला एकच शेअर निवडायचा आणि त्याचे नाव दुसऱ्याला सांगायचे. घ्यायचे ते चहापाण्याइतक्याच रकमेचे. आज घेतलेले आजच विकायचे. बाजार बंद होताना ज्याचे टक्के कमी, तो हरला. जो हरेल त्याने दुकान झाडायचे.

ती दोन वर्षे माझ्या आयुष्यातली सोन्याची. कंपाउंडर रोज यायचे, पुठ्ठ्याची घडी माझ्या आखूड पायाखाली नीट सरकवायचे आणि बसायचे. खेळायचेही औषध मोजल्यासारखे. भाव जरा वर गेला की विकून मोकळे. मालक मात्र हटवादी. "अजून चढेल, अजून चढेल" करत बसायचे आणि शेअर दुपारी तोंडावर आपटायचा. त्यामुळे स्वतःचेच दुकान झाडायची पाळी बहुतेक मालकांवरच येई. क्वचित कंपाउंडर हरले, तर ते वाइंडिंगच्या यंत्राखाली हात घालून तारेचे तुकडे वेचून काढत. "हे स्टूल आहे म्हणून माझी कंबर टिकली," असे ते एकदा म्हणाले होते. माझे कौतुक कोणी केले ते तेवढेच.

पुढे त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. मुलीने त्यांना आपल्या घरी राहायला नेले. जाताना ते म्हणाले, "पैज चालूच. फोनवर खेळू. आणि हरलो तर झाडायला येईन, शब्द म्हणजे शब्द."

सुरुवातीला फोन येत. मग नुसते संदेश येऊ लागले. सकाळी शेअरचे नाव, दुपारी टक्के. खेळ चालू होता, मित्रांनो, पण दुकानात आवाज उरला नाही. कंपाउंडरांना आणायचे तर त्यांना हरवायला हवे, हे मालकांच्या मनाने घेतले होते. ते इरेला पेटून खेळत आणि आणखीच हरत. मग निमूटपणे झाडू उचलत.

एके दिवशी त्यांनी पंपाची एक मोटर माझ्यावर ठेवली. "आत्तापुरती," असे स्वतःशीच म्हणाले. आठवड्याभरात तीन झाल्या. मला वजनाचे काही वाटत नाही, पण लोखंड बोलत नाही, हसत नाही, कूस बदलत नाही.

आणि मग ती दुपार आली. मालक दाराकडे पाठ करून वेढे मोजत होते. दारात काठी वाजली. कंपाउंडर एकटेच आले होते, घामाघूम झालेले. मालकांनी मागे न पाहता आवाज चढवला, "दोनशे चाळीस! दोनशे एक्केचाळीस!" कंपाउंडरांनी माझ्याकडे पाहिले, माझ्यावरच्या मोटरींकडे पाहिले. चौकटीला धरून थोडा वेळ उभे राहिले. मालक दोनशे सत्तरवर पोहोचले तेव्हा ते वळून निघून गेले. मोजणी संपल्यावर मालकांनी मागे पाहिले, कोणी नव्हते. "असेल कोणी गिऱ्हाईक," ते पुटपुटले. मला त्या दिवशी वाचा असती तर मी ओरडले असते.

त्यानंतर महिनाभराने मालकांनी आयुष्यात पहिल्यांदा खोटा आकडा लिहिला. त्यांचा शेअर सपाटून पडला होता. त्यांनी कळवले, "अडीच टक्के वर. मी जिंकलो." उत्तर लगेच आले, "उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी मालकांची कोण धांदल! मोटरी खाली उतरवल्या, मला पुसले, पायाखाली नवा पुठ्ठा घातला. काम फारसे नसल्याने जमीन स्वच्छ होती. मग त्यांनी तारेचे तुकडे कापून मुद्दाम इकडेतिकडे टाकले.

मुलीने कंपाउंडरांना दारापर्यंत आणून सोडले. त्यांनी झाडू मागितला नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "आज जागा आहे म्हणायची."

"म्हणजे?"

"मागच्या महिन्यात आलो होतो. तुम्ही मोजत होतात. स्टुलावर मोटरी. उभं राहवेना, गेलो."

मालकांचा चेहरा पांढरा पडला. "अहो, मग हाक मारायची ना!"

"तुमचा वेढा चुकला असता."

कंपाउंडर सावकाश माझ्यावर बसले. "आणि काल तुमचा शेअर पडला होता. नाव तुम्हीच सकाळी कळवलं होतंत, मी दिवसभर बघत होतो."

"माहीत होतं, तर आलात कशाला?"

"इतक्या वर्षांत एकदाही खोटा आकडा सांगितला नाहीत तुम्ही. म्हटलं, माणूस बरा नाही. बघून यावं."

मालकांनी तोंड फिरवले आणि उगाचच एक मोटर उघडायला घेतली. बराच वेळ त्यांना तिचा स्क्रू सापडेना. मग पाठमोऱ्यानेच म्हणाले, "करमत नाही हो इथं."

"हे आधी कळवायचं," कंपाउंडर म्हणाले.

आता मुलीला सुट्टी असते त्या बुधवारी ती त्यांना घेऊन येते. सगळे बुधवार जमत नाहीत. बाकीचे दिवस मी रिकामे असते आणि ते दिवस मोठे असतात. पण मालक आता मोटरी जमिनीवर ठेवतात, स्वतः अडखळतात, तरी माझ्यावर काही ठेवत नाहीत. वेढे मोजतानाही ते दाराकडे तोंड करून बसतात.

मित्रांनो, मला रंग देऊ नका, पॉलिश करू नका. तुमच्या घरात एखादे स्टूल रिकामे पडले असेल, तर त्याच्यावर आत्तापुरतेसुद्धा काही ठेवू नका. कोणीतरी जिना चढून, दुखरे गुडघे घेऊन तुमच्या दारापर्यंत येते. आत वाकून बघते. आणि तुम्हाला कळायच्या आत परत जाते.