अक्षर गोपाळचेच होते

“गोपाळा, एकच प्रयोग दोन-दोन वेळा कित्याक लिवतस रे?”

ताराने मुलाला विचारले. संध्याकाळचे सहा वाजले होते. मुळगावातल्या त्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात, जनेलातून येणाऱ्या उजेडात गोपाळ मांडी घालून लिहीत बसला होता. समोर दोन जर्नले होती. एकावर त्याचे नाव, दुसऱ्यावर वर्गातल्या सुदेशचे.

“मित्राचा असा. तेचो हात दुखता,” मान वर न करता गोपाळ म्हणाला.

“वर्सभर हात दुखता तेचो?”

कोपऱ्यात चहात उंडो पाव बुडवून खाणारा तिचा नवरा, महादेव, एकदम खेकसला, “लिवता तर लिवू दे गो! शेटीचो झील तो. तुका कित्याक पंचायत?”

तारा परत चुलीकडे वळली. गोपाळने पान उलटले.

महादेव पंधरा वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या दोडामार्गाकडच्या आपल्या गावातून गोव्यातल्या डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवायला आला होता. गोपाळची ही गोष्ट १९९३ सालची. तेव्हा खनिजाच्या ट्रकांनी दिवसभर रस्ता लाल होत असे. रामनाथशेटचे अकरा ट्रक होते, त्यांतला एक महादेवच्या हाती होता. शेटचा मुलगा सुदेश आणि महादेवचा मुलगा गोपाळ तालुक्यातल्या एकाच कॉलेजात, सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला होते. गोपाळ हुशार होता आणि त्याचे अक्षर छापल्यासारखे होते. तेच त्याला भोवले.

पहिल्या वर्षी एके दिवशी सुदेशने आपले जर्नल त्याच्या बाकावर आपटले होते. “ए भायल्या, परवापर्यंत पुरे कर.” बाहेरून आलेल्यांना तो भायला म्हणे.

“मला वेळ नाही,” गोपाळ म्हणाला होता.

सुदेशने हसत हसत त्याचा कान धरला आणि अख्ख्या वर्गादेखत पिळला. मग खाली वाकून हळूच म्हणाला, “तुझ्या बापायला उद्या ट्रकावरून उतरवतो. पुढल्या महिन्यात गाठोडे बांधून दोडामार्गला! बघतोस?”

गोपाळने बघितले नाही. त्याने जर्नल उचलले. त्या दिवसापासून सुदेशची जर्नले त्यानेच लिहिली, सुदेशची हजेरी त्यानेच लावली, चाचणी परीक्षेत आपला पेपर सरकवला. कँटीनमध्ये सुदेशच्या टोळक्याने डोक्यावर पाणी ओतले, तेव्हा तोही त्यांच्यासोबत हसला. वर्गात पंचेचाळीस मुले होती. सगळ्यांनी सगळे पाहिले. कोणी खाली पुस्तकात बघे, कोणी बाहेर. भांडण दोघांचे, आपण कशाला मधे पडा! किती सोयीचे असते हे वाक्य!

वर्गात एकच मुलगी होती जिला हे सहन होत नव्हते. ती जवळच्या नार्वे गावची भाग्यलक्ष्मी. वडील नव्हते, आई विमला गावच्या मराठी शाळेत शिक्षिका. जानेवारीत प्रयोगाच्या तासाला सरांनी सुदेशच्या जर्नलची तारीफ केली, तेव्हा भाग्यलक्ष्मी उभी राहून म्हणाली, “सर, ते जर्नल सुदेशने लिहिलेलेच नाही. गोपाळने लिहिले आहे. वर्षभर तोच लिहितोय.”

सरांनी गोपाळकडे पाहिले. “खरे का रे?”

गोपाळने मान हलवली. “नाही सर.”

आपल्या बाजूने उभ्या राहिलेल्या मुलीला त्याने भर वर्गात खोटे पाडले! पण एवढ्यावर भागले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग भरायच्या आधी सुदेशने त्याच्या हातात खडू कोंबला. भाग्यलक्ष्मीविषयी आणि तिच्या विधवा आईविषयी एक घाणेरडी ओळ त्याने सांगितली. ती ओळ मी इथे लिहिणार नाही.

“लिही! मोठ्या अक्षरात!”

“सुदेश, हे नको. दुसरे काहीही सांग.”

“लिहितोस, की आमच्या घरी फोन लावू?”

गोपाळने लिहिले.

भाग्यलक्ष्मी आत आली तेव्हा मागचे बाक फिदीफिदी हसत होते. तिने फळा वाचला. मग तिची नजर गोपाळकडे वळली आणि तिथेच थांबली. ती रडली नाही. पुस्तके छातीशी धरून ती बाहेर पडली ती त्या दिवशी परत आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला. शनिवारी तिची मैत्रीण जानकी कोणाला तरी सांगत होती, “तिच्या काकांनी सांगितले म्हणे, पुरे झाले कॉलेज. आता स्थळ बघायचे.”

ते ऐकल्यापासून गोपाळला अन्न गोड लागेना. रविवारी सकाळी आईला खोटे सांगून तो बसने नार्वेला गेला.

विमलाबाई नदीकाठच्या मळ्यात तांबड्या भाजीला पाणी घालत होत्या. पलीकडच्या वाफ्यात भाग्यलक्ष्मी गवत काढत होती. त्याला बघताच ती ताडकन उठली.

“कशाला आलास? इथल्या भिंतीवर लिहायचे राहिले?”

गोपाळ दोन पावले पुढे आला. “ते... ते मी...”

“मला ठाऊक आहे! तसा ‘ळ’ वर्गात दुसरे कोणी काढत नाही. मी तुझ्यासाठी उभी राहिले होते रे! तुझ्यासाठी!”

विमलाबाईंनी हातातली कळशी खाली ठेवली. त्यांना आत्ता कळले होते. “लिहिणारा हा?”

गोपाळने मग सगळे सांगितले. कान पिळण्यापासून खडूपर्यंत. “बाई, मी भ्यालो. बाबांची नोकरी गेली असती. आम्ही भायले, आम्हांला इथे कोण आहे?”

विमलाबाई त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण डोळे पेटले होते.

“भ्यालास, हे मी समजू शकते. वीस वर्षांचा पोर आणि समोर धनदांडग्याचा मुलगा, कोणीही भिईल. जर्नल लिहिलेस, पाणी ओतून घेतलेस, ते तुझे नुकसान होते. पण बापायची नोकरी वाचवायला तू माझ्या लेकीची अब्रू दिलीस. ती तुझी होती का द्यायला?”

गोपाळ खाली बघू लागला.

“वर बघ! दमदाटी करणाऱ्याला काय हवे असते, सांगू? त्याला जर्नल नको असते. त्याला तुझे हात हवे असतात. स्वतःचे हात स्वच्छ ठेवून तुझ्या हातांनी तो घाण करतो. आज माझी मुलगी, उद्या दुसरी कोणाची. आणि प्रत्येक वेळी तू म्हणणार, मी भ्यालो. मग तुझ्यात आणि त्याच्यात फरक काय उरला?”

“बाई, मला माफ करा...”

“माफी मळ्यात येऊन मागायची नाही,” भाग्यलक्ष्मी म्हणाली. “फळा वर्गात आहे. जे वर्गात लिहिलेस ते वर्गात उभे राहून सांग. जमत असेल तर सांग, नाहीतर चालता हो.”

घरी परतल्यावर गोपाळने आईबापांसमोर सगळे ओकून टाकले. महादेवने आधी एक सणसणीत ठेवून दिली.

“कोणी सांगल्यान तुका थय जावक? शेट माका काढतलो! समाजतस काय?”

पण तारा वेगळ्याच गोष्टीने पेटली होती. “एका बायमाणसाबद्दल असला लिवलस? ह्या हातांनी?” तिने मुलाची दोन्ही मनगटे धरली आणि मग त्याला सोडून नवऱ्याकडे वळली. “आणि तुमी! शेटीचो झील, शेटीचो झील करून तुमीच ह्याका वाकवलात! माझो झील वाकान वाकान जमनीक टेकलो, आता दुसऱ्याच्या चेडवाक चिखलात ओढता. काढू दे शेटीक! गाडी हाकूक तुमी शेटीच्या घरात शिकलात?”

इतक्या वर्षांत बायको महादेवशी कधी अशी बोलली नव्हती. तो उंबऱ्यावर जाऊन बसला. शेवटी उठून गोपाळच्या गालावर, जिथे बोटे उमटली होती तिथे, हात ठेवत म्हणाला, “सांग जा. माझा काय व्हायचा ता होव दे.”

सोमवारी सकाळीच गोपाळने नार्वेला जाऊन कळवले, आणि विमलाबाई, भाग्यलक्ष्मी आणि तो प्राचार्यांच्या खोलीत उभे राहिले. तक्रारअर्ज गोपाळने लिहिला होता. पहिल्याच ओळीत स्वतःचा गुन्हा, मग सुदेशचा.

प्राचार्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला. “बाई, तुम्हीही शिक्षिका. मुलांची मस्करी असते ही. रामनाथशेट आपल्या संस्थेच्या समितीवर आहेत. विषय कशाला वाढवायचा? मुलीचेच नाव खराब होईल.”

“मस्करी?” विमलाबाई कडाडल्या. “मग सर, चला वर्गात! तीच ओळ पुन्हा लिहू. फक्त नाव तुमच्या मुलीचे घालू आणि माझ्या जागी तुमच्या पत्नीचे. मग आपण सगळे मिळून हसू!”

प्राचार्यांनी चष्मा पुन्हा चढवला. “पण... साक्षीदार कोण? एकट्या मुलाच्या सांगण्यावर मी...”

“साक्षीदार पंचेचाळीस आहेत, सर,” भाग्यलक्ष्मी म्हणाली. “चला विचारायला.”

वर्ग भरला होता. प्राचार्य आत आले तशी मुले उठून उभी राहिली आणि बसली. गोपाळ फळ्यापाशी गेला. मागच्या बाकावर सुदेश हात पसरून बसला होता आणि हसत होता.

“त्या दिवशी फळ्यावर मी लिहिले,” गोपाळ म्हणाला. “सुदेशने सांगितले आणि मी लिहिले. भाग्यलक्ष्मीने जर्नलचे सांगितले ते खरे होते. खोटे मी बोललो. भाग्यलक्ष्मी, मी तुझा गुन्हेगार आहे.”

सुदेश उठला. प्राचार्यांची पर्वा न करता बाकांमधून चालत आला आणि गोपाळची कॉलर धरली. “मस्ती आली काय रे भायल्या? आजच तुझ्या बापायला...”

“काढ!” गोपाळ ओरडला. “काढ नोकरीवरून! बाबांनीच मला पाठवलेय!”

सुदेशची कॉलरवरची पकड सैल झाली. धमकी दिल्यावर असे उत्तर त्याला कधी मिळालेच नव्हते.

तेवढ्यात जानकी उभी राहिली. “सर, मी तेव्हा दारात होते. सुदेशने खडू दिला, मी बघितले. मी बोलले नाही, कारण माझा भाऊ त्यांच्याच ट्रकावर क्लीनर आहे.” मग बाबली म्हणून एक मुलगा उठला. सुदेशने त्याच्याकडूनही चाचणीचे पेपर लिहून घेतले होते. मग आणखी एक. मागच्या बाकावरचा, त्या दिवशी सर्वांत मोठ्याने हसलेला, कृष्णनाथ उठला आणि मान खाली घालून म्हणाला, “सर, आम्ही हसलो. आमचेही चुकले.”

सगळे उठले नाहीत. काही शेवटपर्यंत पुस्तकातच बघत राहिले. पण उठले तेवढे पुरले. सुदेशने कॉलर सोडली. आजूबाजूला बघितले. ज्यांच्या भीतीवर तो दोन वर्षे उभा होता, ती माणसे आता त्याच्याकडे सरळ बघत होती, आणि त्यांच्या नजरेला नजर देणे त्याला जमेना!

प्राचार्यांनी तिथेच त्याला वर्गाबाहेर काढले. पुढे चौकशी झाली. रामनाथशेट दोनदा गाडी घेऊन आले, आवाज चढवून गेले, पण सतरा विद्यार्थ्यांच्या सह्या असलेला कागद प्राचार्यांना आता दडपता येईना. सुदेशचे ते वर्ष गेले. गोपाळलाही पंधरा दिवस कॉलेजबंदी झाली. ती कमी आहे असे तो स्वतःच म्हणाला.

महादेवची नोकरी गेलीच. वर्गातल्या त्या सोमवारी संध्याकाळीच गेली. दोन महिने तो शेतांवर मजुरी करत होता, तारा लोकांच्या बागायतीत सुपाऱ्या सोलायला जात होती. मग पेडण्याच्या एका वाहतूकदाराने त्याला ठेवून घेतले. त्या दोन महिन्यांत घरात चणचण होती, पण कोणी कोणावर खेकसले नाही.

भाग्यलक्ष्मी कॉलेजात परतली. काकांना विमलाबाईंनी स्पष्ट सांगितले की स्थळ ती पदवीनंतर स्वतः बघेल. गोपाळशी मात्र ती वर्ष संपेपर्यंत बोलली नाही. त्यानेही आग्रह धरला नाही. क्षमा मागणे त्याच्या हातात होते, देणे तिच्या.

सुदेश पुढच्या वर्षी खालच्या वर्गात परत आला. तो मनातून किती बदलला, मी सांगू शकत नाही. एकदा प्रयोगशाळेत तो स्वतःचे जर्नल स्वतः लिहिताना दिसला, एवढे खरे. पण गोपाळचा वर्ग मात्र बदलला होता. नवीन मुलाला कोणी “ए भायल्या” म्हटले, की चार जण लगेच विचारत, “काय म्हणालास?”

वाचकहो, राग सुदेशचा येतो, यायलाच हवा. पण थोडा राग त्या पंचेचाळीस जणांसाठीही राखून ठेवा, कारण त्यांच्यात कधी ना कधी तुम्ही आणि मी बसलेलो आहोत. गुंड एकटा असतो. त्याला मोठे करतात ते खाली घातलेले डोळे आणि ‘विषय कशाला वाढवायचा’ म्हणणारी तोंडे. तुमच्या मुलाला कोणी धमकावत असेल, तर त्याला गप्प राहायला शिकवू नका. त्याचे ऐका, त्याच्यासोबत उभे राहा, तक्रार लिहून द्या. आणि तुमचा मुलगा दुसऱ्याला धमकावत असेल, तर सर्वांत आधी तुम्हीच त्याचा हात धरा! भीती वाटणे हा गुन्हा नाही. आपली भीती दुसऱ्याच्या माथी मारणे, हा मात्र गुन्हाच आहे.