मी ओढलेले त्रिकोण

मित्रांनो, मी एक जुना माउस आहे. तुम्ही पाहता तसा, खालून तांबडा उजेड पडणारा नव्हे. माझ्या पोटात सुपारीपेक्षा थोडी मोठी, जड अशी रबराची गोळी असते. मला टेबलावर सरकवले की ती गोळी फिरते आणि पडद्यावरचा बाण हलतो. मधली दहा वर्षे मात्र माझे पोट रिकामे होते. माझी गोळी कुणी नेली हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, आणि त्या माणसावर मी दहा वर्षे रुसून होतो. ते का, हे सांगायचे तर सुरुवातीपासून सांगितले पाहिजे.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते मला सांगता येत नाही. पहिली आठवण आहे ती थर्माकोलच्या अंधाराची. २००३ साली आमची खोकी पनवेलच्या एका मराठी शाळेत आली. ट्रक पळस्पे फाट्यावर बंद पडला म्हणून एक दिवस उशिराच आली. संगणक कक्षाचे उद्घाटन झाले, नारळ फुटला, आणि कुणीतरी मोठ्या भक्तिभावाने दहाही माउसांना हळदकुंकू वाहिले. त्यातले कुंकू माझ्या पोटात गेले आणि दुसऱ्याच दिवशी बाण अडखळू लागला. शाळेतले माझे पहिले दुखणे ते. दयाराम शिपायाने झाकण फिरवून गोळी बाहेर काढली, सदऱ्याला पुसली आणि परत घातली. तेव्हापासून मी चार नंबरच्या संगणकाचा माउस झालो.

ते दिवस कौतुकाचे होते. मुले बाहेर चपला काढून आत येत आणि मला हात लावायला मिळावे म्हणून भांडत. एक सांगतो, माउसाला माणसे हातांवरून कळतात. घाबरलेला हात घामेजलेला असतो, आगाऊ हात उगाचच दोनदा टिचकी मारतो. आणि ज्याला काही येत नाही तो मला इतका घट्ट धरतो की माझे अंग दुखते.

सुमतीबाई गणित शिकवायच्या. नवीन पनवेलहून येत, आणि सुरुवातीला त्यांचा हात घामेजलेल्यांपैकीच होता. पण एका मे महिन्याच्या सुट्टीत त्यांना इंटरनेटवर एक पान सापडले. कुणा दूरदेशीच्या शिक्षकाने ते बनवले होते. त्यावर एक त्रिकोण होता आणि त्याचे कोणतेही टोक धरून ओढता येत असे. त्रिकोण लांब होई, चपटा होई, उलटा होई. बाजूला तिन्ही कोनांची मापे आणि त्यांची बेरीज दिसे. मापे सारखी बदलत, बेरीज मात्र एकशे ऐंशीवरून हलत नसे.

त्या वेळी इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून येई. ते लावले की ऑफिसातला फोन बंद पडे, म्हणून मोठे सर कुरकुरत. शेवटी फक्त शनिवारी, शेवटच्या तासाला परवानगी मिळाली. पान उघडायला इतका वेळ लागे की बाई तोवर गेल्या आठवड्याचा गृहपाठ तपासून घेत. पण एकदा उघडले की मुले हलत नसत. आणि टोक ओढायला लागे कोण? मी. खोटे कशाला बोलू, मला भलताच गर्व झाला होता.

२००७ साली नववीत रोशनी होती. तिचे वडील दिनानाथ समुद्रकाठच्या करंजा गावचे कोळी, स्वतःच्या होडीने मासेमारी करणारे. शाळेसाठी ती पनवेलला भामामावशीकडे राही. मावशी बाजारात मासळी विकायची आणि रोशनी सकाळी तिला मदत करून शाळेत यायची. तिच्या हाताला बोंबलांचा वास येई, म्हणून शेजारची मुलगी नाक मुरडे. मला त्या वासाचे काही वाटले नाही. तो हात मला हलकेच धरी. तास संपला की ती गुपचूप माझे झाकण उघडून गोळीवरचा मळ नखाने काढी आणि गोळी परत घाली. तशी काळजी माझी दुसऱ्या कुणी घेतली नाही.

सहामाही परीक्षेत प्रश्न आला: त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज एकशे ऐंशी अंश असते हे सिद्ध करा. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता, असे चार मथळे लिहून उत्तर द्यायचे असते. रोशनीने चारही मथळे लिहिले आणि सिद्धतेखाली लिहिले, 'संगणकावर पन्नास त्रिकोण ओढून पाहिले. दर वेळी एकशे ऐंशीच आले. म्हणून सिद्ध.' वर्गात ते वाचून दाखवले गेले तेव्हा सगळे हसले. त्या प्रश्नाला शून्य मिळाले आणि भूमितीत ती नापास झाली.

मित्रांनो, ते शून्य खरे तर माझे होते. ते पन्नास त्रिकोण मीच तिला ओढून दाखवले होते.

मोठ्या सरांना दहावीचा निकाल शंभर टक्के हवा होता. नववीत गणितात जो अडेल त्याला दहावीत घ्यायचे नाही, बाहेरून परीक्षेला बसू दे, असा त्यांचा नियम. भामामावशीला शाळेत बोलावले तेव्हा ऑफिसला कुलूप होते, म्हणून बाई तिला संगणक कक्षातच घेऊन आल्या. मावशी मासळीची पाटी दाराबाहेर ठेवून आत आली.

"बाई, पोरीला जमत नाय तर उगाच कशाला ओढायचं?" मावशी म्हणाली. "वार्षिकला नापास झाली का करंज्याला धाडते. तिची आई एकटी मासळी सुकत घालते, तिला माणूस पायजे."

"मला एप्रिलपर्यंत वेळ द्या," बाई म्हणाल्या.

रोशनी माझ्यासमोर बसली होती. तिने मला धरले होते, पण हलवत नव्हती.

पुढच्या शनिवारी तास सुटल्यावर बाईंनी तिला थांबवून घेतले. "तू पन्नास पाहिलेस," त्या म्हणाल्या. "एक्कावन्नावा कुणी पाहिला?"

"तो पण तसाच येल ना, बाई."

"येईल. पण का येईल? ते सांगितलं की सिद्धता. सगळे त्रिकोण ओढत बसायला जन्म पुरणार नाही."

मग त्यांनी फळ्यावर त्रिकोण काढला आणि वरच्या टोकातून, पायाला समांतर, एक तुटक रेषा काढली. हीच ती रचना. रोशनीने त्या रेषेकडे बोट दाखवले.

"ही रेघ त्रिकोणात नाय," ती म्हणाली. "तुमी कुठून आणली?"

"पुस्तकात तशीच आहे," बाई म्हणून गेल्या आणि मग स्वतःच वळून त्या रेषेकडे पाहू लागल्या. बावीस वर्षे शिकवताना त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नसावा.

रोशनी मला नुसतीच पुढेमागे सरकवत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "आमचे बाबा पाण्यावर रेघ मारतात."

"म्हणजे?"

"जाळं लावायची जागा असते ना, तिथं पाण्यात खूण कशी ठेवणार? मग बाबा किनाऱ्याकडं बघतात. डोंगराचा शेंडा आणि देवळाचा कळस एका रेघेत आला पायजे. दुसऱ्या बाजूला ताडाचं झाड आणि धक्क्यावरचा दिवा एका रेघेत. दोन रेघा जिथं मिळतात तीच जागा. रेघा दिसत नायत, पण बाबा कधी चुकत नायत."

"मग त्या रेघा तिथूनच का मारतात?"

"जे पायजे ते गावावं म्हणून." माझ्यावरचा तिचा हात थांबला. "बाई, हे तीन कोन तीन टोकांना हायत. त्यांची बेरीज करायची तर एका जागी आणायला पायजेत. म्हणून वर रेघ मारली? खालचे दोन कोन वर, मधल्याच्या दोन्ही बाजूंना येऊन बसतात?"

बाईंनी खडू तिच्या हातात दिला. समांतर रेषांमुळे खालचा डावा कोन वरच्या डाव्या कोनाएवढा आणि उजवा उजव्याएवढा, हे तिने आपले आपण लिहिले. तिन्ही कोन एका सरळ रेषेवर शेजारी शेजारी आले, आणि सरळ रेषेवरचा कोन एकशे ऐंशी अंशांचा असतो. त्या दिवशी माझ्याकडे कुणाचे लक्ष नव्हते, आणि तरीही मला फार आनंद झाला. मला दाखवता येते, पण 'का' ते सांगता येत नाही, हे मी तेव्हा शिकलो.

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा झाली. शेवटचा पेपर देऊन रोशनी एकटीच संगणक कक्षात आली. तिने नेहमीसारखे माझे झाकण उघडले. मला वाटले, मळ काढते आहे. गोळी तिने ओढणीला पुसली, थोडा वेळ मुठीत धरली, रिकामे झाकण परत लावले आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दयारामने मला हलवून पाहिले. "कुणीतरी गोट्या खेळायला नेली," असे म्हणून त्याने मला खोक्यात टाकले. जूनमध्ये तांबड्या उजेडाचे नवे माउस आले आणि माझी आठवण कुणाला राहिली नाही. पुढे शाळेत मोठा पडदा आला, मुलांच्या घरी मोबाईल आले. मी तुटक्या तारांखाली पडून होतो. आवाज ऐकू येत, पण रोशनी पास झाली की करंज्याला गेली, हे मला कुणी सांगितले नाही. राग त्याचा जास्त होता. जिने एवढे जपले तिनेच पोट रिकामे करावे, आणि वर खबरही देऊ नये?

२०१८ साली सुमतीबाई निवृत्त झाल्या. त्याच दिवशी संगणक कक्षाची झाडलोट निघाली आणि आमचे खोके भंगारवाल्यासाठी व्हरांड्यात आणून ठेवले. निरोपाचा कार्यक्रम संपला, माणसे पांगली. मग कुणीतरी खोक्यात हात घातला आणि तारा बाजूला सारून मला उचलले. बोंबलांचा वास नव्हता, पण मला हलकेच धरणारा तो हात मी ओळखला.

"बाई," रोशनी म्हणाली, "याची गोळी मी नेली होती."

तिने पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली. आत माझी गोळी होती.

"पेपर बरा गेला होता, पण भरवसा वाटत नव्हता. नापास झाले तर करंज्याला जायचं होतं. म्हटलं, शाळेतलं काहीतरी जवळ असावं. मग पास झाले. जूनमध्ये परत ठेवायला आले तर नवे माउस लागले होते. चोर म्हणतील म्हणून बोलले नाही. मग दहावी झाली, पदवी झाली, आणि दर वर्षी सांगणं आणखी अवघड होत गेलं."

बाई हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. "घाल ती आत," एवढेच म्हणाल्या. रबर कडक झाले होते, पण गोळी नीट बसली. टेबलावर ठेवून तिने मला सरकवले आणि माझ्या पोटात काहीतरी फिरले. दहा वर्षांचा रुसवा तिथेच गेला.

बाईंनी मला भंगारात न टाकता तिलाच देऊन टाकले, आणि आता मी करंज्याला असतो. रोशनी धक्क्याजवळच्या एका खोलीत मुलांची शिकवणी घेते. माझी तार लावायला जागा असलेला संगणक तिच्याकडे नाही. मुले मोबाईलवर बोटाने त्रिकोण ओढतात, आणि बेरीज तीच येते. "बाई, परत एकशे ऐंशी," असे कुणी म्हणाले की ती मला टेबलावर सरकवत विचारते, "आणि एक्कावन्नावा?" मग मुले वही उघडतात.

मित्रांनो, वस्तू नीट वापरा, पुसा, जपा, हे तर मी सांगणारच. म्हाताऱ्यांनी ते सांगायचेच असते. पण तुमच्याकडेही कुणाची एखादी गोळी राहिली असेल तर ती परत नेऊन द्या. फार उशीर झाला म्हणून लाजू नका. आम्ही रुसलेलो असतो, पण वाट तुमचीच पाहत असतो.