बॅलन्स रूममधलं दूध

वर्गात तिला सगळे 'काकू' म्हणत. वय अवघं तेवीस. पण वीस वर्षांच्या पोरापोरींमध्ये लग्न झालेली, खांद्यावर बाजाराच्या पिशवीएवढी बॅग अडकवलेली आणि पहिल्याच तासाला जांभया देणारी बाई म्हणजे काकूच. दुसरं वर्ष संपल्यावर लग्न ठरलं आणि कॉलेज सुटलं. दोन वर्षांनी ती तिसऱ्या वर्षाला परत आली, तोवर बरोबरीच्या मैत्रिणी पदव्या घेऊन पांगल्या होत्या. नव्या वर्गाशी तिचं वाकडं नव्हतं, पण सूतही जुळलं नव्हतं. "काकू, जरा सरकता का?" यापुढे बोलणं जात नसे. तिला पाच महिन्यांची मुलगी आहे, हेही वर्गात कुणाला ठाऊक नव्हतं. तिने लपवलं होतं असं नाही. कुणी विचारलं नाही, आणि न विचारता सांगायचं तरी कुठल्या निमित्ताने?

सकाळी नऊ ते बारा वर्गातले तास आणि एक ते पाच केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल. घरी पोहोचेपर्यंत साडेपाच. सकाळ निभावून जायची, कारण पोटभर पाजून निघालं की बाळ झोपायचं. खरा घोळ दुपारी. बाटली दिसली की पोरगी तोंड फिरवायची, ती आई येईपर्यंत रडून लाल व्हायची.

"दुपारपर्यंत कितीही वेळ दे, मी सांभाळते," सासूबाई म्हणायच्या. "पण नंतर ती माझं ऐकत नाही गं. काल तर माझ्या नाकाला अशी चावायला आली, दात नसून! माझ्याने नाही होत आता."

सासूबाईंचे गुडघे सुजलेले दिसत होते. त्या खोटं बोलत नव्हत्या. नवरा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात. तो फोनवर म्हणाला, "तुला काय वाटतं ते कर." असं म्हटलं की सगळं ओझं पुन्हा आपल्याच डोक्यावर येतं. शेवटी तिने ठरवलं. पदवीला सहा महिने उरलेत तर उरलेत. कॉलेजातून नाव काढायचा अर्ज लिहून तिने जर्नलमध्ये ठेवला. उद्या ऑफिसात द्यायचा.

लॅबमध्ये एक नळ होता, त्याची चकती झिजलेली. कुणी तो जोरात सोडला की बारीक कुईऽऽ असा आवाज यायचा, झोपेतून उठलेल्या बाळासारखा. तिच्या अंगाला तेवढं पुरे होई. पान्हा फुटायचा, ॲप्रनखाली कपडा ओला व्हायचा आणि ती जर्नल छातीशी धरून उभी राहायची. पहिल्या महिन्यातच लॅबच्या मावशींनी हे हेरलं होतं. त्यांनी काही न विचारता बॅलन्स रूमची किल्ली तिच्या हातात ठेवली.

"जा आत. वीस मिनिटं कुणाला सोडत नाही. काटा हलतो म्हणून तिथे पंखा नाही, आणि शिंकायचीसुद्धा बंदी आहे. त्यापेक्षा शांत जागा या इमारतीत नाही."

वजनाचे काटे काचेच्या पेट्यांत मांडलेली ती छोटी खोली. दाराला आतून कडी. ती भिंतीकडे तोंड करून बसायची आणि बाटलीत दूध काढायची. लॅबच्या फ्रिजमध्ये कसकसली रसायनं. तिथे ते ठेवायची सोय नव्हती. मग वीस मिनिटांनी ती बाहेर येऊन कोपऱ्यातल्या सिंकमध्ये बाटली रिकामी करायची. घरी पोरगी उपाशी रडतेय आणि इथे आपण हे पाण्याबरोबर सोडतोय. रोज ती नळ पूर्ण उघडायची, म्हणजे पांढरा रंग पटकन जाईल.

अर्ज लिहिला त्याच दिवशी बाटली घरीच राहिली. तिने कपाटातलं एक बीकर चांगलं विसळून घेतलं. काम जेमतेम उरकलं, तोच बाहेरून तिच्या बेंचवरचा मुलगा ओरडला, "काकू, सोल्यूशन तयार आहे, या लवकर!" घाईघाईत बटणं लावून ती बाहेर पळाली. बीकर आत शेल्फवरच राहिलं.

लॅबच्या खिडकीकडच्या बाजूला पहिल्या वर्षाची बॅच होती. त्यांचं प्रॅक्टिकल दुधाचं. दूध कोमट करायचं, थेंब थेंब ॲसिड घालायचं, फाटलं की चोथा गाळून सुकवायचा आणि त्यातलं केसिन, म्हणजे दुधातलं प्रथिन, किती ते वजन करून काढायचं. सगळ्यांच्या बीकरमध्ये पांढरे गोळे तरंगू लागले होते. एक मुलगी मात्र रडवेली झाली होती.

"मॅडम, माझं फाटतच नाही."

"ॲसिड घाल."

"घातलं मॅडम. सगळ्यांच्या दुप्पट घातलं. नुसते बारीक कण येतात."

"दूधवाल्याने तुला पाणीच घातलंय!" कुणीतरी म्हणालं.

"शेळीचं असेल, मॅडम!"

"उंटाचं!"

लॅब खदखदली. मॅडम आल्या. या मॅडम हसत नसत. त्यांचा एकच मंत्र होता: लेबल नसलेली वस्तू विष समजायची. त्यांनी बीकर उचलून उजेडात धरलं.

"सँपल कुठून घेतलंस?"

"माझं सांडलं होतं मॅडम. गाळणकागद वजन करायला बॅलन्स रूममध्ये गेले, तर शेल्फवर दूध दिसलं. मला वाटलं, कुणाचंतरी उरलंय."

दाराकडच्या बेंचवर काकूंचा हात ब्युरेटच्या, म्हणजे थेंब मोजत सोडायच्या काचेच्या नळीच्या, तोटीवर होता. तिथेच तो थिजला. तोटी उघडीच राहिली आणि फिकट गुलाबी यायला हवं होतं तिथे जांभळट रंग आला. "काय काकू, वाट लावली की!" शेजारचा मुलगा वैतागला.

मॅडमनी बीकर तिरकं केलं. पातळ, किंचित निळसर. त्या तोंडातल्या तोंडात पुटपुटल्या, "इतकं कमी केसिन... गाईत नाही, म्हशीत नाही, शेळीतही नाही." आणि अर्ध्यावरच थांबल्या. रसायनशास्त्र कुणाची भीडभाड ठेवत नाही. उत्तर त्यांना मिळालं होतं. त्यांनी मान वर करून पलीकडे पाहिलं नाही, एवढंच.

"ओतून टाक. लेबल नसलेलं उचललंस, आजचं प्रॅक्टिकल रद्द. शून्य."

मुलीचे डोळे भरले.

गप्प राहिलं असतं तर चाललं असतं. उद्यापासून काकूंना इथे यायचंच नव्हतं. पण त्या रडणाऱ्या पोरीचं तोंड, ओठ मुडपून आवरणं, तिला बघवेना. ती दोन बेंचांमधून चालत पलीकडे गेली.

"मॅडम, तिला शून्य नका देऊ. ते माझं आहे. मी लेबल लावलं नाही."

मागून आवाज आला, "काकू चहा करणार होत्या वाटतं!" पुन्हा हशा.

"आपापल्या बेंचवर!" मॅडम कडाडल्या. मग तिला म्हणाल्या, "चल."

बॅलन्स रूमचं दार बंद झालं. मॅडम उभ्याच राहिल्या.

"केवढं आहे?"

"पाच महिने."

"मुलगा?"

"मुलगी."

"आणि हे रोज?"

"रोज."

"काय करतेस त्याचं?"

"सिंकमध्ये."

मॅडमनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला. "मी रोज तुझी हजेरी घेते," त्या म्हणाल्या. "सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय झालं असतं मॅडम?"

"सकाळची बॅच दिली असती. आठ ते साडेदहा. त्यांचे तास साडेबाराला सुटतात. एकपर्यंत घरी पोहोचली असतीस."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि जे आलं ते हसू नव्हतं. तीन महिने. तीन महिने रोज ओतलं. एका वाक्याचं काम होतं, आणि ते वाक्य या इमारतीत तिला कुणी सांगितलं नाही आणि तिने कुणाला विचारलं नाही. ती काट्याच्या पेटीवर डोकं टेकून रडली. आतला काटा थरथरत राहिला. मॅडमनी तिला हात लावला नाही. त्यांना ते जमत नसावं. पण त्या गेल्याही नाहीत.

"उद्या नाव काढणार होते," ती शेवटी म्हणाली. "अर्ज लिहिलाय."

"ऑफिस दहाला उघडतं. लॅब आठला." मॅडमनी कडी काढली. "आधी इकडे ये. आणि ऐक, त्या बॅचमध्ये जोडीदार मिळणार नाही. सगळ्यांच्या जोड्या लागल्यात. एकटीला करावं लागेल."

"सवय आहे मॅडम."

दुसऱ्या दिवशी आठला लॅबमध्ये आठ जण होते. कुणी तिला काकू म्हणालं नाही. कुणी काहीच म्हणालं नाही. कोपऱ्यातल्या बेंचवर तिने स्वतःच ब्युरेट भरली, स्वतःच फ्लास्क हलवला, स्वतःच आकडे लिहिले. दोघांचं काम एकटीने करायचं तर हात दोनच, त्यामुळे तिचं सगळ्यांत शेवटी संपलं. दहा केव्हा वाजून गेले ते तिने पाहिलंच नाही. तास झाले, ती निघाली. एकला ती दारात होती.

घरात सामसूम. सासूबाई भिंतीला टेकून डुलक्या घेत होत्या. त्यांच्या मांडीजवळ मुलगी गाढ झोपली होती, मुठी उघड्या टाकून. दुपारच्या या वेळी ती अशी झोपते, हे तिला माहीतच नव्हतं.

उठवावं असं फार वाटलं. छाती दुधाने दगडासारखी झाली होती. पण तिने उठवलं नाही. हातपाय धुऊन ती जमिनीवर मुलीच्या शेजारी बसली आणि जर्नल उघडलं. सकाळच्या आकड्यांखाली रेघ मारून तिने 'निष्कर्ष' लिहायला घेतला. मध्येच ती थांबून मुलगी उठली का ते ऐकायची. अजून नाही. पुन्हा लिहायची.